नाडी, पिन, पट्टा...

मशीन डिझाइनच्या पुस्तकात जोडण्यांना किती पानं दिली आहेत ते एकदा मोजून बघा. कॉटर जॉइंट, नकल जॉइंट, रिव्हेट, वेल्ड, नट-बोल्ट... आणि तो बोल्ट ढिला होऊ नये म्हणून परत लॉक नट, स्प्लिट पिन, स्प्रिंग वॉशर! दोन वस्तूंनी एकमेकींना धरून राहावं आणि आपल्याला हवं तेव्हाच सोडावं, एवढ्यासाठी माणसानं केवढा खटाटोप केलाय. पण एक जोडणी त्या पुस्तकात कुठेच नाही. ती जगातल्या निम्म्या लोकांनी वर्षानुवर्षं केली, दर महिन्याला चार-पाच दिवस, आणि तीही ड्रॉइंग शीटशिवाय. पाळीत घेतलेलं कापड जागेवर कसं राहायचं?

मित्रांनो, पान उलटू नका. वर्गात आम्ही अकराच मुली असलो तरी तुमच्या घरी आई, बहीण, आजी आहेतच की.

आधी शब्दांचं सांगते. मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत आम्ही 'चम्स' म्हणायचो. मम्मी 'अडचण' म्हणते आणि आजीचा तर थेट 'कावळा शिवतो'. 'पाळी' हा साधासुधा मराठी शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

विषय सुचला तो आजीच्या बांगडीवरून. तिच्या डाव्या हातातल्या बांगडीत कायम तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. मला वाटायचं, पदरासाठी. दिवाळीत सहज विचारलं तर म्हणाली, "एक पदराला, एक काटा काढायला, आणि एक त्याची. आता 'ते' राहिलं नाही, पण सवय राहिली."

मग मी तिला सोडलंच नाही. "तुला काय करायचंय गं हे सगळं?" असं तीनदा म्हणून झाल्यावर ती सांगायला लागली. आजीचं माहेर निफाड तालुक्यात, लासलगावजवळ. साल धरा १९६४-६५. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घ्यायचं, त्याची लांब घडी करायची. कमरेला नाडी बांधायची. घडीचं एक टोक पुढून नाडीत अडकवायचं, दुसरं मागून. झालं! म्हणजे कागदावर झालं. खरी गंमत पुढे आहे. निरगाठ मारली तर ती ओली झाल्यावर सुटता सुटत नाही, कारण सुती धागा पाण्यानं फुगतो आणि गाठ आणखी आवळते. सूरगाठ मारली तर चालताना केव्हा सुटेल सांगता येत नाही. यावर आजीचा उपाय: सूरगाठ मारायची आणि तिचं मोकळं टोक परत नाडीखालून काढून खोचून टाकायचं. आजी, हा तर लॉक नट! पण तिला ते कौतुक कळलं नाही. ती म्हणाली, "सगळ्याच तसं करायच्या."

नाडी सैल बांधली की घडी सरकायची आणि घट्ट बांधली की काचायची. शाळा दीड कोसावर, चालत. तिसऱ्या दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला आणि कमरेवर सालटं निघालेली असायची. त्यावर खोबरेल. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पिना आल्या, पुढे एक, मागे एक, म्हणजे घडी नाडीतून निसटायला नको. त्या पिनेची अडचण अशी की बंद असेपर्यंत ती कापडाला धरते आणि उघडली की तिला माणूसही चालतो. आजीच्या पोटावर उजवीकडे एक बारीक पांढरा व्रण आहे. मी तो लहानपणापासून बघतेय. अपेंडिक्सचा असेल असं समजत होते.

आजी सातवीत शाळेतून निघाली. त्याला कारणं पुष्कळ होती, घरची शेती, धाकटी भावंडं, तेव्हाची रीत. पण लंगडी आणि खो-खो त्याच्याही वर्षभर आधी सुटलं होतं आणि त्याला कारण एकच. "पळालं की सुटायचं," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

सेफ्टी पिन मात्र इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं झकास वस्तू आहे हं. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणे पंधरा डॉलरचं कर्ज फेडायचं होतं. एकाच तारेत वेटोळ्याची स्प्रिंग, टोक आणि टोक झाकणारी टोपी! आणि पेटंट विकलं चारशे डॉलरला. त्यानं ज्या ज्या उपयोगांची कल्पना केली असेल त्यात लासलगाव नक्कीच नसणार.

पुढचा टप्पा पट्ट्याचा. हा मला मोठ्या मावशीकडून कळला, ती नाशिकरोडला वाढली. १९८१-८२ च्या सुमारास मेडिकलमधून वर्तमानपत्रात गुंडाळून पॅडचं पाकीट यायचं. त्या पॅडला दोन्ही टोकांना लांब शेपट्या असायच्या. कमरेला इलॅस्टिकचा पट्टा, त्याला पुढे-मागे एकेक क्लिप लोंबणारी, त्या क्लिपच्या दातांत शेपटी ओवून अडकवायची. मागची क्लिप नेमकी माकडहाडावर यायची. शाळेचे बाक लाकडी! मावशी म्हणते, त्या चार दिवसांत ती बाकावर तिरकी बसायची आणि बाई ओरडायच्या, "सरळ बस!" पॅड महिन्याला नवे, पण पट्टा एकच. तो धुऊन टॉवेलखाली लपवून वाळत घालायचा. उन्हात कधीच नाही. इलॅस्टिक सैल झालं की गाठ मारून आखूड करायचं. तोच पट्टा दहा वर्षांनी मम्मीकडे आला, दोन गाठींसकट. मम्मी सायकलवर शाळेत जायची. तेवढे दिवस बसनं.

आता थोडं आपल्या सिलॅबसचं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला आपण मोशन स्टडी शिकतो, थर्ब्लिगची चिन्हं पाठ करतो (गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटं लिहिलं की थर्ब्लिग). फ्रँक गिलब्रेथ आणि त्याच्या विटा सगळ्यांना माहीत असतात. त्याची बायको लिलियन, बारा मुलांची आई, नवरा १९२४ मध्ये वारल्यावर स्वतः कन्सल्टिंग करायला लागली. जॉन्सन अँड जॉन्सननं तिला सॅनिटरी पॅडचा अभ्यास करायला सांगितला आणि १९२७ च्या सुरुवातीला तिनं रिपोर्ट दिला. तिनं काय केलं? हजारावर बायकांना सरळ विचारलं! उत्तर असं आलं की बाजारातला पॅड आहे तसा कुणी वापरतच नव्हतं. कुणी तो कापत होतं, कुणी दुमडत होतं, कुणी आतलं भरण काढून टाकत होतं. प्रत्येक घरात एक डिझायनर बसलेली होती आणि कंपनीला पत्ता नव्हता. हा भाग आपल्या नोट्समध्ये का नाही, हे मला खरंच कळत नाही. विटांपेक्षा नक्कीच लक्षात राहिला असता.

आणि एक बाई. मेरी केनर, अमेरिकन, कृष्णवर्णीय, वॉशिंग्टनमध्ये फुलांचं दुकान चालवायची. मापाप्रमाणे कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्याची कल्पना तिला तरुणपणीच सुचली होती, पण पेटंटला पैसे नव्हते. पेटंट मिळालं १९५६ मध्ये. एका कंपनीनं आवडीनं बोलावणं केलं, माणूस भेटायला आला, त्यानं तिचा रंग बघितला आणि कंपनीची आवड संपली. पट्ट्यातून तिला काही मिळालं नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत मागे चिकटपट्टी असलेला स्टेफ्री आला आणि हळूहळू नाडी, पिन, पट्टा सगळंच अडगळीत गेलं. आपल्याकडे ते यायला आणखी बरीच वर्षं लागली. त्या चिकटपट्टीत मात्र डोकं आहे. चालताना पॅड पुढे-मागे घासला जातो, म्हणजे शिअर, तिथे तिनं घट्ट धरायचं. काढताना टोकापासून सोलायचं, म्हणजे पील, तिथे निमूट सुटायचं. वजनाचा प्रश्न नाहीच. एका पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर असतं, चहाचा अर्धा कप. आजीची नाडी बादली उचलेल. प्रश्न सतत हलण्याचा आहे, दिवसभरात हजारो पावलं.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण मामाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतरच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून बायकांच्या टोळ्या येतात. सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत बागेत, आणि जवळपास आडोसा म्हणजे द्राक्षाचा मांडवच. जेवणाच्या सुट्टीत त्यातल्या एका मावशींशी गप्पा मारताना मी आजीच्या नाडीचं सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. "ताई, तुमच्या आजीचं कशाला, माझं बघा ना." त्यांच्या मुलीला शाळेतून पॅड मिळाले होते, तिनं आईलाही दिले. "पण चिकटवायचं कशाला? आम्ही आतून काही घालतच नाही."

मी गप्प. चिकटपट्टीचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे, की खाली चिकटायला दुसरा कपडा आहे. आजीची नाडी स्वतःच्या बळावर उभी होती, हा पॅड नाही. राज्य सरकारनं २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना सुरू केली, झेडपीच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. चांगलीच गोष्ट. पण पाकिटात जोडणीचा दुसरा अर्धा भाग नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असं सांगितलं (पॅडही वापरणाऱ्या त्यात आहेत). म्हणजे नाडी अजून रिटायर झालेली नाही.

मावशींची युक्ती अशी: जुन्या साडीचा काठ फाडून त्याची कमरेला पट्टी, कापडाची घडी तिच्यात ओवलेली, आणि पॅड त्या घडीवर चिकटवलेला. "सुतळी, नाडी काचते. काठ काचत नाही." गोल दोरीपेक्षा चपट्या पट्ट्याचा दाब कमी, कारण क्षेत्रफळ जास्त. बेल्ट ड्राइव्हच्या चॅप्टरला आणखी काय सांगतात?

तर मी आणि माझी पार्टनर, आम्ही मिनी प्रोजेक्टला हेच घेतलं. वर्गात खसखस पिकली, ते चालायचंच. सर मिनिटभर खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "कॅल्क्युलेशन दाखवावं लागेल." दाखवलं. धातू कुठेही वापरायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. गूंज संस्थेचे अंशू गुप्ता एका बाईची हकिकत सांगतात. तिनं जुन्या ब्लाउजचं कापड घेतलं होतं, त्याला गंजका हूक राहून गेला होता, धनुर्वात होऊन ती गेली. म्हणून रविवार कारंजावरून प्लॅस्टिकची टिचबटणं आणली. साडीचा काठ दुहेरी शिवला, टिचबटणं दोन्ही कुशींवर, पुढे-मागे नुसत्या कापडी फासा. माकडहाडावर काही नाही (मावशीच्या बाकाची आठवण ठेवून). आजीनं शिवण तपासली आणि दोन ठिकाणी उसवून परत घातली.

चार पट्ट्या मामाबरोबर दिंडोरीला पाठवल्या. पंधरा दिवसांनी निरोप आला: टोळीत बारा जणी आहेत, आणखी आठ लागतील, आणि काठ गडद रंगाचा घ्या, म्हणजे दोरीवर वाळत घातला तरी कुणाला कळत नाही.

तेव्हा कुणाच्या घरी जुन्या सुती साड्या असतील, मरून, काळ्या, गर्द निळ्या काठाच्या, तर आणून द्याल का? थर्ड इयर मेकॅनिकल, बी डिव्हिजन. सबमिशन संपेपर्यंत आम्ही वर्कशॉपच्या पायऱ्यांवरच सापडू.