टायरवरचे चार आकडे

वाचकहो, मृगाच्या तोंडावर बियाण्याची पिशवी घेताना आपण काय काय पाहतो? पिशवी उलटीसुलटी करतो, उगवणशक्ती किती टक्के लिहिली आहे ते वाचतो, मुदत कधी संपते ते पाहतो. औषधाच्या बाटलीवरची बारीक तारीख चष्मा लावून वाचतो. एवढी चौकस माणसे आपण! पण मोटारीचा टायर घेताना काय करतो? अंगठ्याने दाबतो, नक्षी बघतो, 'बरा दिसतोय' म्हणतो आणि भाव करायला लागतो. निदान मी तरी तसेच केले. आता गावोगावी अंगणात बैलगाडीच्या जागी मोटार उभी दिसते, तीही बहुधा जुनी घेतलेली. म्हणून माझी फजिती तुम्हाला सांगावी असे वाटले.

आम्ही लातूर भागातले. सोयाबीन आणि तूर ही आमची पिके. २०१९ साली एक जुनी छोटी मोटार घेतली, अल्टो. चैनीसाठी नव्हे. तालुका आमच्या गावापासून बावीस किलोमीटर, एस.टी. दिवसातून दोनदा, आणि घरात म्हातारी आई. पाच वर्षे गाडीने इमानाने काम केले. २०२४ च्या मे महिन्यात मात्र चारही टायर गोटा झाले. गोटा म्हणजे अगदी नदीतल्या दगडासारखे गुळगुळीत.

मे महिना म्हणजे शेतकऱ्याच्या खिशाचा काय महिना असतो ते तुम्हाला सांगायला नको. बियाणे घ्यायचे, खत घ्यायचे, मुलाच्या कॉलेजची फी भरायची. नव्या टायरचा भाव विचारला तर एकाचे तीन हजारांच्या आसपास. चारांचे बारा हजार. घरी येऊन सांगितले तर मंडळी म्हणाल्या, "अहो, आधी पेरणी होऊ द्या. गाडी काय पळतेच आहे की." माझ्याही मनात तेच होते. मग तालुक्याला एका दुकानात वापरलेले टायर मिळतात असे कळले. तिथे गेलो. दुकानदाराने चार टायर काढून दिले. नक्षी खोल, काळे कुळकुळीत, पॉलिश केल्यासारखे चमकणारे. अकराशेला एक. चव्वेचाळीसशे रुपयांत चार चाके नवी झाल्यासारखी वाटली. त्या दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही. टायर कधीचे आहेत हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

आषाढात आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी तिला घरी आणायला मी आणि मंडळी गेलो. डॉक्टरांनी बजावले होते, डोळ्याला धक्का लागू देऊ नका, वाकू देऊ नका, नवे भिंग बसवले आहे. आई मागे बसली, डोळ्यावर हिरवी पट्टी, शेजारी मंडळी. रस्त्यात पावसाची सर आली. त्यातून आमच्या भागातली सडक कशी असते, काळ्या रानातून ट्रॅक्टर वर चढला की चाकाचा सारा चिखल डांबरावर सोडून जातो. त्यावर पाणी पडले की शेवाळच.

ओढ्याच्या पुलाअलीकडे वळण आहे. वेग फार नव्हता, पन्नासच्या आत होता. समोरून म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबला. पुढची बाजू वळली, मागची वळलीच नाही. ती सरळ बाजूला सरकत गेली. स्टिअरिंग फिरवतोय, पण गाडी ऐकत नाही. बैल बुजला तर कासरा तरी हातात असतो. इथे हातात काहीच नव्हते. गाडी अर्धी फिरली, मागचे चाक सडकेच्या नालीत गेले आणि खाडकन थांबली. पुलाचा कठडा दोन हातांवर होता. खाली ओढा तुडुंब.

मी मागे वळून पाहिले. मंडळींनी दोन्ही हातांनी आईचे डोके पोटाशी घट्ट धरले होते. "आत्या, लागलं का कुठं?" त्या विचारत होत्या. आई म्हणाली, "आलं का गं गाव?" तिला वाटले, आपल्या वेशीतल्या खड्ड्यातच गाडी आदळली! मला हसूही येईना आणि रडूही.

ती रात्र माझी कशी गेली ते मलाच ठाऊक. भिंग हलले असेल तर? चव्वेचाळीसशे रुपयांत मी आईचा डोळा घालवला की काय? सकाळी दुसऱ्याच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि डोळा सुखरूप आहे म्हणाले, तेव्हा कुठे घोटभर चहा घशाखाली उतरला.

गाडी नालीतून काढायला गावातला पंक्चरवाला पोरगा आला होता. त्याने टायरवरचा चिखल बोटाने पुसला, मोबाईलची बत्ती लावली आणि म्हणाला, "काका, हा टायर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाचा आहे." त्याने मला चार आकडे दाखवले. ३११४. म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर! नक्षी खोल होती, कारण तो फारसा पळलाच नव्हता, कुठेतरी उन्हात पडून होता. पण रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. ते कडक होते, ओल्या डांबराला धरत नाही. वाकवून पाहिले तर बाजूला बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात रान भेगाळते तशा. वरचे पॉलिश त्या भेगा झाकण्यासाठीच होते.

तर वाचकहो, हे चार आकडे तुम्ही आजच आपल्या गाडीवर शोधा. लांबट चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. कधी ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते. मग गाडीखाली वाकावे लागते. टायर पाच वर्षांचा झाला की पुढे दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाकावा, असे टायर बनवणाऱ्या काही कंपन्याच सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू. आमची स्टेपनी गाडीइतकीच जुनी निघाली.

नक्षीचे मोजमाप मात्र सोपे आहे. टायरच्या खाचेत तळाशी मधून मधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. मोटारीसाठी कायद्याचीही तीच हद्द आहे. आमच्या घरी आता काडेपेटीतली काडी चालते. काडी खाचेत उभी धरायची, नखाने खूण करायची आणि पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजायची. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. माझ्या मते पावसाळ्याआधी ती तीनच्या खाली आलेली असेल तर थांबू नये. शेतातल्या चरातून पाणी निघून जाते तसे या खाचांतून सडकेवरचे पाणी निघून जाते. चरच बुजले तर पाणी जाणार कुठे? मग टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक नावालाच राहतो.

आता प्रश्न पैशाचा. बारा हजार तेव्हाही नव्हते. मी दोनच नवे घेतले, एकोणतीसशे पन्नासला एक. दुकानातल्या मुलाने ते मागच्या चाकांना बसवले. मला वाटले चुकला. आपल्या या गाडीचे इंजिन पुढची चाके ओढते, तर नवे पुढे नकोत का? तो म्हणाला, "काका, पुढचं घसरलं तर निदान वेग कमी करून सांभाळता येतं. मागचं घसरलं तर गाडी फिरते." फिरण्याची बाब मला कोणी समजावून सांगायला नको होती! पुढच्या दोन चाकांना गावातल्या एका नात्यातल्या माणसाचे दोन वर्षांचे टायर तात्पुरते बसवले, आकडे वाचूनच. नोव्हेंबरात सोयाबीन विकले आणि मग उरलेले दोन नवे घेतले.

हिशेबाचेही सांगतो. ते चव्वेचाळीसशेचे चार टायर मे ते आषाढ मिळून अठराशे किलोमीटर चालले. किलोमीटरला जवळजवळ अडीच रुपये पडले. नव्या चारांचे अकरा हजार आठशे. ते पस्तीस हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला चौतीस पैसे. यात दवाखान्याची ती दुसरी फेरी आणि माझी एक रात्र धरलेली नाही.

नवे घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. एका दुकानात मला 'नवा' म्हणून दाखवलेला टायर तीन वर्षे गोदामात पडलेला होता. सूट देत होते ती त्याचीच. मी सहा महिन्यांच्या आतलाच मागितला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "हा ऑल सीझन टायर आहे, दोनशे जास्त पडतील." म्हणजे काय, ते नीट सांगता येईना. माझा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. त्याला फोनवर विचारले, तर तो हसायलाच लागला. तिकडे थंडीचे टायर वेगळे असतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की साधे रबर कडक होते, म्हणून ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत एक जोड आणि पुढे दुसरा, अशी लोकांची रीत आहे. रस्त्यावर बर्फ असेल तर थंडीच्या टायरची तिथे सक्तीच आहे. दोन जोड ठेवायची ही दगदग नको म्हणून बारमाही टायर निघाले. आपल्या मराठवाड्यात बर्फ कुठला? आपले ऋतू म्हणजे वैशाखातली तापलेली सडक, आषाढातले पाणी आणि वर्षभराची खडी. आपल्याकडे विकला जाणारा साधा, चांगल्या कंपनीचा टायर याच ऋतूंसाठी केलेला असतो. त्या दोन शब्दांसाठी दोनशे रुपये मी दिले नाहीत.

टायरवर दुसरेही आकडे असतात. आमच्या गाडीवर १४५/८० आर १२ आणि पुढे ७४ टी. १४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, १२ म्हणजे रिमचे इंच. ७४ म्हणजे तो टायर ३७५ किलो वजन पेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालतो. आमच्या सडकेवर ती वेळ यायची नाही. कंपनीने दिला तोच आकार घ्यावा. रुंद टायर घालून मिरवणाऱ्या पोरांच्या नादी लागू नये. आयएसआयचा शिक्का पाहावा, तो आपल्या देशात सक्तीचा आहे. रिमोल्ड ट्रॉलीला ठीक. माणसे बसणाऱ्या मोटारीला मी लावणार नाही.

हवा मात्र फुकट आहे आणि तीच आपण विसरतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. गाडी थंड असताना पंधरा दिवसांनी तपासावी. आणि डिकीत कांद्याची तीन पोती भरून बाजार करायचा मोह आवरावा. तुरीच्या धसकटातून मोटार घालू नये हे तर तुम्ही जाणताच. मी ते दोनदा पंक्चर काढून शिकलो.

जाता जाता एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ वर. मी तोपर्यंत चारही घेऊन बसलो होतो, नशीब! ट्रॅक्टरचे घ्यायचे असतील त्यांनी पावती नीट वाचून घ्यावी.

मागच्या थंडीत आईच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गोठ्यातून आलो तर मंडळी कंदिलासारखी टॉर्च धरून गाडीपाशी बसलेल्या, हातात काडेपेटीची काडी. आई बाजेवरून विचारत होती, "किती भरलं गं?"

"सहा भरलं, आत्या."

"मग चला," आई म्हणाली आणि आपली पिशवी भरायला उठली.