दोनदा मारल्यावर लागणाऱ्या ब्रेकला

प्रिय ब्रेक,



तू कडक झालास की माणसं त्याच दिवशी गॅरेज गाठतात. नरम झालास की मात्र तुला सांभाळून घेतात. जुनी गाडी विकणारा किल्ली हातात देताना सहज सांगून जातो, ‘ब्रेक दोनदा मारायचा, मस्त लागतो.’ घेणाराही मान डोलावतो. त्या एका वाक्यात तू निम्मं दुखणं सांगून टाकलेलं असतंस, पण दोघांनाही ती गाडीची सवय वाटते. म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय.

तुझा सगळा कारभार चालतो तो तेल दाबलं तरी आकसत नाही म्हणून. पायाने मास्टर सिलेंडरमध्ये दिलेला दाब बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत पोचतो. पास्कलने हा नियम सतराव्या शतकात मांडला. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्गच्या मॉडेल ए गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. तुझ्या तेलात हवा शिरली की सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबावा तसा पाय खाली जातो आणि उसळून वर येतो. ‘हवा धरलीय, काढून टाकू,’ मेकॅनिक म्हणतो. बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. पण गाडीत न बसता, पेडलवर पाय न ठेवता तो हे सांगतो, तेव्हा मला राग येतो. नरम पडण्याच्या तुझ्या तऱ्हा एक नाहीत.

त्या ओळखायला पाना लागत नाही. इंजिन बंद ठेवून तुला चार-पाचदा दाबायचं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. दर दाबाला पेडल वर येत गेलं, पण पायाखाली उसळी राहिली, तर हवा. वर येऊन घट्ट झालं, उसळी नाही, तर संशय मागच्या ड्रमवर: शू आणि ड्रममधली फट वाढलीय, आणि पहिल्या दाबाचं तेल ती फट भरण्यातच खर्च होतंय. आता हँडब्रेक ओढून पुन्हा दाबून बघावं. पेडल एकदम उंच लागलं तर मागचे शू ॲडजस्ट करायला हवेत, हे जवळजवळ नक्की. अशा गाडीची हवा कितीही काढा, दुसऱ्या दिवशी तू तसाच.

तुझी सगळ्यात लबाड तऱ्हा वेगळी. पाय ठेवला की घट्ट, आणि तसाच हलका दाब धरून ठेवला की पेडल हळूहळू खाली बसत जातं. सिग्नलला उभं असताना हे कळतं. चाकं कोरडी, नळ्या कोरड्या, टाकीतलं तेल जागच्या जागी. मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर झिजलेलं असतं आणि तेल आतल्या आत मागे सरकत असतं. इथे किट किंवा अख्खा सिलेंडर बदलण्याला पर्याय नाही. बूस्टरला उगीच दोष देऊ नये. तो गेला तर तू कडक होतोस, नरम नाही.

आणि घाटातलं? पोलादपूरला उतरताना आंबेनळीत वळणामागून वळण तुझ्यावर पाय ठेवून गाडी उतरवली की पॅड तापतात, कॅलिपर तापतो आणि आतलं तेल उकळू लागतं. वाफ म्हणजे पुन्हा दबणारी गोष्टच. पेडल तळाला जातं. खाली थांबून चहा होईपर्यंत तू थंड, घट्ट, निर्दोष! गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्याकडे कोकणातला पावसाळा. नवं डॉट ३ ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा. डॉट ५ मात्र घालू नये. नाव शेजारचं असलं तरी ते सिलिकॉनचं, यांच्यात न मिसळणारं.

हवा काढायची तर एकाने गाडीत, दुसऱ्याने चाकाशी. ‘दाब… धरून ठेव…’ मग चाकाशी असलेलं हवा काढायचं निपल सैल, नळीतून बुडबुडे बाटलीत, निपल घट्ट, आणि त्यानंतरच ‘सोड’. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण ते मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांब. तरी काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात बघावा. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. गाडी जुनी असेल तर मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. एरवी जिथवर रबर कधी पोचत नाही, तिथे सिलेंडर आतून गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत मारलं की तिथे रबर फाटतं, आणि हवा काढायला आणलेली गाडी मास्टर सिलेंडर घालवून घरी जाते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडावाच लागतो.

‘ऑईल कमी होतं, टाकून दिलंय’ या वाक्याची मला धास्ती आहे. बंद नळ्यांतलं तेल उडून जात नाही. पातळी उतरते ती पॅड झिजल्यामुळे, नाहीतर कुठेतरी गळती आहे म्हणून. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओला ओघळ दिसला तर व्हील सिलेंडर गेलाय, आणि ते तेल लागलेले शूही गेले.

काम झालं की मी इंजिन चालू करून मिनिटभर तुझ्यावर पाय धरून ठेवतो. पेडल खाली बसू लागलं तर गाडी गेटच्या आतच.

तुझा,
एक चालक