मामा, हात बाकी आहेत

प्रिय मामा,

फोनवर तू एकच विचारत होतास. लाओकोऑनचा पुतळा पाहिलास का, आणि मागून पाहिलास का? पाहिला. मागून नाही पाहता येत, भिंतीतल्या कोनाड्यात उभा केलाय त्याला. पण डावीकडून, उजवीकडून, खाली वाकून, तू शिकवलंस तसा पाहिला. थोरला मुलगा घोट्यावरचा सापाचा विळखा सोडवू बघतोय आणि सोडवता सोडवता बापाकडे पाहतोय. पुस्तकातल्या फोटोत मला ते कधी दिसलंच नव्हतं. तुला दिसलं होतं का?

त्या फोटोबद्दलच तुझ्याशी बोलायचंय. तुझ्या जुन्या पुस्तकात त्याचा उजवा हात ताठ वर गेलाय, आठवतं? त्याच हातावरून तू मला दंडाचा ताण समजावून सांगायचास. इथे तो हात तसा नाही मामा. कोपरात दुमडून डोक्यामागे गेलाय. १५०६ च्या जानेवारीत रोमच्या एका द्राक्षमळ्यात हा पुतळा जमिनीतून निघाला, तेव्हा उजवा हात नव्हताच. पोप दुसऱ्या ज्युलियसनं तो घेऊन व्हॅटिकनच्या या चौकात आणून ठेवला. मग माँतोर्सोली नावाच्या शिल्पकारानं त्याला ताठ हात करून बसवला. पुढे जवळजवळ चारशे वर्षं जगानं तसा ताठच हात पाहिला, त्याचीच चित्रं काढली, साचे घेतले. १९०६ मध्ये लुडविग पोलाक नावाच्या जाणकाराला रोममधल्याच एका पाथरवटाकडे संगमरवरी हाताचा तुकडा दिसला, दुमडलेला. तो या पुतळ्याचा असणार हे त्यानं ओळखलं. मूळ जागी तो बसला १९५०च्या दशकात. पाहायला पोलाक नव्हता. १९४३ साली त्याला बायकामुलांसकट रोममधून उचलून आउशविट्झला नेलं होतं. मी पुतळ्यासमोर उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो माणूस येत होता. एवढासा तुकडा हातात घेऊन हा कुणाचा हे कळणं, केवढी नजर! तुझ्याकडे आहे ती नजर. मी उगीच म्हणत नाही.

आता खरं बोलू? पेणच्या तुझ्या गणपतीच्या कारखान्यामागच्या खोलीत आजी बसली आहे. विळीवर, एक गुडघा वर, मान किंचित कलती. हातांशिवाय. तू तिला तशीच प्लास्टरमध्ये ओतलीस आणि वर चादर टाकलीस. विचारलं की म्हणायचास, हात जमत नाहीत. आणि कधी फार खोलात शिरलं की म्हणायचास, ग्रीकांनी सगळं करून ठेवलंय, आपण काय करणार? जे.जे.मध्ये वर्षभर त्या पांढऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसून ड्रॉइंग करताना तुझ्या मनात हे बसलं, असं आई सांगते. मला त्या पुतळ्यांचा राग यायचा. इथे आल्यावर तो राग त्यांच्यावरून उतरला आणि तुझ्यावर आला.

कारण काय झालं सांगते. त्याच अष्टकोनी चौकात बेल्वेडेरचा अपोलो आहे, तुझा लाडका. नेपोलियननं तो आणि लाओकोऑन दोघांनाही पॅरिसला नेलं होतं. अपोलोचा चौथरा रिकामा पडला. तेव्हा कानोव्हा या शिल्पकारानं नुकताच एक पर्सियस घडवला होता, मेड्युसाचं मुंडकं हातात धरलेला. पोप सातव्या पायसनं तो विकत घेऊन अपोलोच्या चौथऱ्यावर उभा केला. विचार कर, केवढी धास्ती वाटावी! लोक येऊन तुलनाच करणार ना? आणि पर्सियस उभा आहे थेट अपोलोच्याच ऐटीत, काही लपवलेलं नाही. पुढे १८१५ साली लुटलेल्या वस्तू परत आणायला पोपनं पॅरिसला पाठवलं ते कानोव्हालाच. म्हणजे ज्याच्या जागेवर आपलं काम उभं आहे, त्यालाच हा माणूस परत घेऊन आला. आज दोघंही त्याच चौकात आहेत. माझ्या डोळ्यांना पर्सियस जरा थंड वाटला, अपोलोइतका श्वास त्यात नाही. म्हणून काय झालं? तो आहे. मला त्याच्याबद्दल मत देता आलं, कारण तो आहे.

मग मोठ्या चौकात गेले. तिथे एका टोकाला भल्यामोठ्या कमानीच्या कोनाड्यापुढे ब्राँझचा पाइनकोन आहे, दोन पुरुष उंच, रोमन काळातला. एके काळी ते कारंजं होतं. जुन्या सेंट पीटर्सच्या अंगणात कित्येक शतकं होता, १६०८ मध्ये इथे आणला. त्याच्या बुडाशी ओतणाऱ्याचं नाव कोरलंय मामा. पुब्लिउस किंकिउस साल्विउस. गुलामीतून सुटलेला माणूस होता तो, हेही त्या अक्षरांतच लिहिलंय. तुझ्या अर्धपुतळ्यांखालच्या फरश्या आठवल्या. अनावरण कुणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण. तुझं नाव एकाही फरशीवर नाही आणि तू कधी मागितलंही नाहीस. मला ते अजून सलतं.

चौकाच्या मधोमध शिल्पकार अर्नाल्दो पोमोदोरोचा गोल आहे, १९९० सालचा. चार मीटर व्यासाचा, सोन्यासारखा चकचकीत, आणि तडकलेला. तड्यातून आत दात्यांसारखे, यंत्रासारखे थर दिसतात, आणि त्यात आणखी एक गोल. दोन हजार वर्षांच्या ब्राँझसमोर काल-परवाचं ब्राँझ, खुशाल. पोमोदोरो २०२५च्या जूनमध्ये गेला, नव्व्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तू अजून पंच्याहत्तरीही गाठलेली नाहीस.

तुला ही भीती मुळात शिकवली कुणी रे? दरवर्षी शाडूला हात घालताना गेल्या वर्षीचा गणपती चांगला झाला होता म्हणून तू कधी थांबलास का? तो पाण्यात गेला, हा नवा. सोंडेचं वळण दरसाल थोडं वेगळं काढतोस, कुणाला विचारत नाहीस. मला लहानपणी सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरी घेऊन गेला होतास ना? गणपती करणाऱ्याच घरातला मुलगा, जे.जे.त गेला, आणि सगळं शिकून शेवटी आपल्या गावच्या माणसांचे, जनावरांचे पुतळे केले. सिमेंटच्या त्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तू किती वेळ उभा होतास. तेव्हा काय वाटत होतं तुला? तू काही बोलला नाहीस, आणि मला विचारायचं सुचण्याचं ते वय नव्हतं. आज विचारतेय.

मला बघायला तू शिकवलंस. आधी पाय बघ, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ, मग चेहरा. त्यासाठी तुझे पाय धरावेत इतकी मी तुझी ऋणी आहे. पण बघणं शिकवणाऱ्यानं चादर टाकून ठेवावी, हे मला मान्य नाही. हात चुकले तर चुकले. लाओकोऑननं चारशे वर्षं चुकीचा हात वागवला, त्यानं त्याचं काही बिघडलं नाही.

अनंत चतुर्दशी झाली की मी येते. कारखाना तेव्हा रिकामा असेल, तू "वेळ नाही" म्हणू शकणार नाहीस. शाडू भिजत घालून ठेव आणि मागच्या खोलीची किल्ली आईकडे देऊन ठेव. समोर विळी घेऊन मी बसेन. माझे हात आजीसारखे आहेत, असं तूच म्हणतोस ना?

तुझी,
भाची