चार हात जमीन

सौंसरला माहेरी आई एकटीच असते. उन्हाळ्यात ती अंगणात पडली, आणि तेव्हापासून मी पांढुर्ण्यात बसून फोनवर तिला चालवते. "आई, ओट्यावरून एकटी उतरू नको." ती म्हणते, "उतरली ना मी केव्हाचीच!"

माझा मुलगा हसतो. "मम्मी, मंगळावरची गाडी अशी हाकली असती ना, तर पहिल्याच दिवशी खड्ड्यात गेली असती."

त्यानंच मला समजावलं. इथून पाठवलेला निरोप मंगळावर पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. रोव्हरपुढचा दगड आपल्याला दिसेपर्यंत तो त्यावर चढलेलाही असायचा. म्हणून दिवसाचं काम एकदाच सांगून ठेवतात. वाटेतली बरीचशी पारख मग तोच करतो. कॅमेऱ्यानं समोरची जमीन बघायची, थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. ऐकताना मला विहारातल्या माताजीच दिसल्या. चार हात जमीन निरखून मगच पाऊल. ईर्यासमिती आपण पाठ केली, पाळायची मात्र त्यांच्यावर सोडून दिली!

श्रावणात माहेरी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. तिचा प्रश्न सरळ होता. "तिथं किडामुंगी काही सापडली नाही म्हणते, मंग इतकं काय पाहून चालते तो?"

"स्वतःसाठी, आई." क्युरिऑसिटी २०१२ मध्ये उतरला. त्याच्या अॅल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा. टोकदार दगडांनी दीड वर्षाच्या आतच त्याला भोकं पाडली. स्पिरिट २००९ मध्ये भुसभुशीत वाळूत रुतला, तो निघालाच नाही. धक्का द्यायला जाणार कोण? सरासरी थंडी उणे साठच्या आसपास, आणि हवेचा दाब आपल्या इथल्या एक टक्क्याहूनही कमी.

ऑपर्च्युनिटीची गोष्ट तिला फार आवडली. ९० दिवसांसाठी पाठवलेला, चौदा वर्षं टिकला आणि ४५ किलोमीटर चालला.

"चौदा वर्षांत एवढंच? पांढुर्णा तं त्याहून जवळ आहे." मग स्वतःच म्हणाली, "गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे."

तो उन्हावर चालायचा. २०१८ च्या जूनमध्ये धुळीच्या वादळानं सूर्य झाकला आणि तो गप्प झाला. आठ महिने त्याला हाका मारल्या, हजाराच्या वर. २०१९ च्या फेब्रुवारीत थांबवल्या.

आई काही बोलली नाही. बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग उठली, काठी घेतली, मंदिरात निघाली. मी हात पुढं केला.

"नको धरू. तू धरली का मी तुझ्याकडेच पाह्यते, खाली नाही."

मी दारात उभी राहिले. ती थांबली, खाली पाहिलं, पायरी उतरली. पुन्हा थांबली. कोपऱ्यावर वळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता मी दिवे लागायच्या वेळी एकदाच फोन करते. काल विचारलं, "आज उशीर का झाला गं मंदिरातून यायला?"

"वाटेत गोगलगाय होती," ती म्हणाली. "तिले जाऊ देल्लं पहिले."