जागरण

वैनगंगेच्या काठचे भंडारा शहर हिवाळ्याच्या रात्री गाढ निजलेले असते. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुके उतरते. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात मात्र रात्रपाळीची परिचारिका जागी असते.

या कक्षातील रुग्ण फार लहान असतात. कोणी दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले, कोणाचे वजन अडीच किलोहूनही कमी. त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, की दुखते कोठे हे सांगता येत नाही. परिचारिका हात स्वच्छ धुते आणि घड्याळाकडे पाहत बाळाचे श्वास मिनिटभर मोजते. निरोगी नवजात बालक एका मिनिटात ४० ते ६० वेळा श्वास घेते. आकडा त्याहून वाढला, की ती तत्काळ डॉक्टरांना बोलावते. बाळाचे अंग गार पडले नाही ना, दूध पचले ना, हे ती पुनःपुन्हा पाहते आणि सारे तक्त्यावर लिहून ठेवते.

दाराबाहेर दूरच्या खेड्यातून आलेला पिता अवघडून उभा असतो. "नर्सबाई, कसं हाये जी लेकरू?" तो हळूच विचारतो. "आताच दूध घेतलं त्यानं. श्वासही नीट चालला आहे," ती सांगते. तेवढ्या शब्दांनी त्याला धीर येतो. तो धीर पोकळ नसतो. त्यामागे रात्रभराची मोजणी असते.

या मोजणीचे मोल फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेने जगाला पटवून दिले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, ती जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गेली. जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते. तिने रुग्णांची सेवा केली. शिवाय मृत्यूंचे आकडे मांडून राज्यकर्त्यांना त्यांचे कर्तव्य दाखवून दिले. १२ मे हा तिचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

राज्यकर्त्यांच्या त्या कर्तव्याची आठवण भंडाऱ्याला फार मोठे मोल देऊन झाली. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर, रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत १७ बालके होती. धूर प्रथम एका परिचारिकेच्या दृष्टीस पडला. धावाधाव झाली. ७ बालके वाचली, पण १० चिमुकले जीव गेले. सारा महाराष्ट्र हळहळला.

त्या दुःखाने एक गोष्ट शिकवली. परिचारिकेने कितीही डोळ्यांत तेल घालून पहारा केला, तरी तो एकटा पुरत नाही. विजेच्या तारांची वेळोवेळी तपासणी व्हावी लागते. आग विझवण्याची साधने हाताशी असावी लागतात. एका परिचारिकेवर तिला नीट पाहता येतील एवढीच बालके सोपवावी लागतात. तिच्या जागरणामागे साऱ्या समाजाचे जागरण असेल, तरच रुग्णसेवा पूर्ण होते.

उजाडते. पाळी बदलते. थकलेली परिचारिका लगेच घरी निघत नाही. नव्याने आलेल्या परिचारिकेला घेऊन ती एकेका बाळापाशी थांबते. कोण किती दूध प्याले, कोणाचा श्वास रात्री वाढला होता, हे सारे सांगते. मग तक्ता तिच्या हाती देते आणि शेवटच्या बाळाचे पांघरूण नीट करून बाहेर पडते.