छातीचा तुकडा नीट शिजवताना

कोंबडीची छाती आणि तंगडी एकाच पक्ष्याची असली, तरी शिजण्याच्या बाबतीत दोघींचा स्वभाव पूर्ण निराळा आहे. कोंबडी दिवसभर पायांवर असते; पंख मात्र क्वचित आणि क्षणभरच फडफडवते. सतत राबणाऱ्या पायाच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारे लालसर मायोग्लोबिन, चरबी आणि तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन बरेच असते. छातीत यांतले काहीच फारसे नसते. कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ७५ ग्रॅम पाणी, २२-२३ ग्रॅम प्रथिने आणि अवघी २-३ ग्रॅम चरबी असते. तंगडी रश्श्यात बराच वेळ रटरटली, तरी तिचे कोलॅजेन विरघळते आणि घास मऊ राहतो. छातीला असा आधार नाही. तिच्यातले पाणी टिकले तर ती रसाळ, गेले तर भुसा.

पाणी जाते ते तापमानामुळे. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागते आणि मांसाचा अर्धपारदर्शक रंग जाऊन पांढरा येतो. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान ॲक्टिनही आकसते, तंतू पिळले जातात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर येते. ६६ अंशांचा तुकडा आणि ८० अंशांचा तुकडा यांत जिभेला कळणारा सगळा फरक या टप्प्यात पडतो. आपल्याकडच्या रश्श्यात हाडांचे, तंगडीचे, छातीचे सगळे तुकडे वाटणाबरोबर एकदमच पडतात आणि उकळत्या रश्श्यात छाती आतपर्यंत ९० अंशांच्या वर जाते. कुकरमध्ये तर तापमान १२० अंशांच्या आसपास पोचते. पातेल्याच्या तळाशी शेवटी उरणारा, कुणालाच नको असलेला कोरडा तुकडा बहुधा छातीचा असतो. त्यात मांसाचा दोष नाही. आधी हाडे आणि तंगड्या शिजवाव्यात आणि छातीचे मोठे तुकडे अगदी शेवटी, आच मंद करून आठ-दहा मिनिटे सोडावेत. प्रस्तुत लेखिकेच्या घरी एवढ्या एका बदलाने रश्श्यातले छातीचे तुकडे आधी संपू लागले.

चुलीवर ठेवण्याच्या कितीतरी आधी, दुकानातच मांसाचा पोत ठरतो. याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे चिकनच्या दुकानात कोंबडी बहुतेक वेळा समोर कापून, सोलून, तिथल्या तिथे बोनलेस करून मिळते, आणि ताजेपणाची हीच खूण मानली जाते. पण पक्षी मेल्यावर स्नायूंतली ऊर्जा संपत जाते, ते ताठरतात आणि काही तासांनी पुन्हा सैल होतात. ताठरण्याच्या आधीच छाती हाडापासून सुटी केली, तर तिला ताणून धरणारे काही उरत नाही; तंतू आखडून आखूड होतात आणि ते मांस शिजल्यावर चिवट लागते. छाती चार ते सहा तास हाडावरच राहिली, तर हा चिवटपणा बराच टळतो. म्हणून दुकानदाराला ‘छाती हाडासकट अख्खी द्या, बोनलेस करू नका’ असे सांगावे. घरी आणून ती झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी धारदार सुरी छातीच्या मधल्या हाडाला लावून, हाडाच्या कडेकडेने मांस सोडवावे. हे काम वाटते तेवढे अवघड नाही, शिवाय हाडे सूपला उरतात. या एका रात्रीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, असा लेखिकेचा अनुभव आहे.

घेताना तुकडा बोटाने दाबून पाहावा. झपाट्याने वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांत कधीकधी छातीचा काही भाग लाकडासारखा टणक झालेला असतो. असा तुकडा कसाही शिजवला तरी मऊ होत नाही. त्याचा खिमा करणे बरे. कच्चे मांस नळाखाली धुण्याची सवय मात्र सोडावी. धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, कोथिंबिरीवर, धुतलेल्या ताटांवर पसरतात. स्वच्छ कागदाने टिपून घेतले की पुरे. गोठवलेले मांसही ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच रात्रभर सुटू द्यावे.

त्यानंतर मीठ. मिठामुळे स्नायूंतली काही प्रथिने सैल होतात आणि गरम झाल्यावरही जास्त पाणी धरून ठेवतात. मांसाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ग्रॅम मीठ सगळीकडून चोळून, तुकडा काही तास किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. घाई असेल तर लिटरभर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा ते एक तास बुडवावा. ही पद्धत वापरल्यावर पुढे मीठ घालू नये. दही, आले-लसूण, हळद, तिखट यांचा लेप चवीला उत्तम, पण तो खोलवर जात नाही; आत शिरते ते मुख्यतः मीठच. मटणाला लावतात तशी कच्ची पपई छातीला लावू नये. पपईतले पपेन आधीच नाजूक असलेल्या या मांसाचा वरचा थर पिठूळ करून टाकते.

छातीचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. तसाच तव्यावर टाकला, तर जाड भाग शिजेपर्यंत निमुळता भाग वाळतो. जाडी दुप्पट झाली की शिजायला लागणारा वेळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो, हे लक्षात घेतले की समान जाडीचे महत्त्व पटते. तुकडा जाड प्लॅस्टिकमध्ये ठेवून जाड बाजूवर लाटण्याने हलके ठोकावे आणि सगळीकडे दीड सेंटिमीटर करावे. खालच्या अंगाला चिकटलेली लांबट पट्टी सोडवून वेगळी शिजवावी. ती लवकर होते.

तव्यावरची कृती छोटी आहे. बिडाचा तवा चांगला तापवून तेल सोडावे, तुकडा पुन्हा टिपून कोरडा करावा आणि ठेवावा. खालची बाजू सोनेरी झाली की आच मध्यम करावी आणि दर मिनिटाला उलटत राहावे, म्हणजे दोन्हीकडून सारखा शिजतो. एवढ्या जाडीला सहा-सात मिनिटे पुरतात. मोठ्या आचेवर परतल्याने रस आत कोंडला जातो, हा समज खरा नाही. तव्यावरचा चरचर आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. लाली हवी ती चवीसाठी.

शिजले की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही. कोवळ्या पक्ष्याचे हाडाजवळचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकते, आणि पांढरे दिसणारे मांस आत कमी तापलेले असू शकते. स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर आडव्या बाजूने सर्वात जाड भागाच्या मध्यापर्यंत खुपसावा. घरगुती स्वयंपाकासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने ७४ अंश हा आकडा दिला आहे. त्या तापमानाला साल्मोनेलासारखे जंतू तत्काळ मरतात. ६६ अंशांना तेवढाच परिणाम साधायला काही मिनिटे लागतात. म्हणून निरोगी मोठ्या माणसांसाठी ६७-६८ अंशांना उतरवून, पाच मिनिटे झाकून ठेवले तरी चालते; उतरवल्यावरही आतले तापमान दोन-तीन अंश चढते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी ७४ अंश गाठावेतच.

मग आजाऱ्यासाठी मऊपणाचे काय? लेखिकेच्या सासूबाईंना शस्त्रक्रियेनंतर प्रथिने वाढवायला सांगितले होते. कवळीमुळे त्यांना चिवट घास चावत नसे आणि मसाला वर्ज्य होता. उपयोगी पडली ती न उकळता शिजवण्याची रीत. मिठाच्या पाण्यातून काढलेला तुकडा थंड पाण्यातच ठेवावा. पाण्यात आल्याच्या चकत्या, चार मिरे, कांद्याची फोड घालावी. मध्यम आचेवर वाफ दिसू लागली आणि तळाशी बारीक बुडबुडे धरले, म्हणजे पाणी ८० अंशांच्या आसपास आले, की आच अगदी मंद करावी. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. पाव किलोच्या तुकड्याला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. थर्मामीटरने ७४ अंश दाखवले की तुकडा लगेच पाण्याबाहेर काढावा. बाहेरचा थरही त्याहून फार तापलेला नसल्याने मांस ७४ अंशांनाही ओले राहते. सासूबाई ते तुपा-जिऱ्याची फोडणी दिलेल्या त्याच अळणी पाण्याबरोबर, मऊ भातात कालवून, ताट स्वच्छ होईपर्यंत जेवत.

कापताना तंतू कोणत्या दिशेला जातात ते पाहून सुरी त्यांच्या आडवी चालवावी. तंतू आखूड झाले की दातांना काम कमी पडते. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. पुन्हा तव्यावर तापवले तर ते वाळते, म्हणून थंडच चिरून कांदा-कोथिंबिरीच्या कोशिंबिरीत किंवा पोळीच्या गुंडाळीत घालावे. आजाऱ्याला मात्र ताजेच शिजवून द्यावे.