निल कॉशन

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींना कोणी हात लावत नाही. एक मेसमधला मिक्सर आणि दुसरा कॉमन रूमच्या कोपऱ्यातला सर्व्हर. दोन्हीचं तत्त्व एकच, "चालू आहे नं बे? मग छेडू नको!"

दुसऱ्या वर्षाला असताना त्या सर्व्हरचा ताबा माझ्याकडे आला. सर्व्हर म्हणजे काय, भंगारात जाता जाता वाचलेला एक पीसी, आठव्या पिढीचा इंटेल आय-सेव्हन. पण त्यावर साठेक पोरापोरींची खाती. कोणाचा मिनी प्रोजेक्ट, कोणाचं सेमिनारचं रिपोर्ट, एका एम.टेक.च्या दादाचं दहा-दहा दिवस चालणारं सिम्युलेशन. जुलै २०२३ मध्ये मी रात्रभर जागून त्यावरची डेबियन ११ काढून १२ आणली. सकाळी सगळं सुरळीत. दीर्घ मुदतीची आवृत्ती, आता चार-पाच वर्षं बघायला नको, असं म्हणून मी मस्त झोपलो.

पुढे एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, प्रोग्राममध्ये माझा पासवर्ड लिहून ठेवला तर चालेल का? दुसऱ्या कोणाला दिसणार नाही नं?"

"बिनधास्त ठेव," मी म्हणालो. हे 'बिनधास्त' मला नंतर फार महागात पडलं.

जानेवारी २०२४. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं, कोणत्याही मशीनवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा चालवा आणि प्रत्येक ओळीचा अर्थ लिहून आणा. गुरुवारी रात्री मी ती आमच्या सर्व्हरवर चालवली. शेवटी प्रोसेसरच्या माहीत असलेल्या दोषांची यादी येते. त्यात 'गॅदर डेटा सॅम्पलिंग' समोर लिहिलं होतं, 'व्हल्नरेबल: नो मायक्रोकोड'. म्हणजे दोष आहे आणि त्यावरचा मायक्रोकोड नाही.

आता मायक्रोकोड म्हणजे काय, ते थोडक्यात. प्रोसेसरच्या आत अवघड सूचना कशा पार पाडायच्या, याच्या बारीक पायऱ्या लिहिलेल्या असतात. १९९४ मध्ये पेन्टियमच्या भागाकारात चूक निघाली. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी ती जगासमोर आणली. तेव्हा दुरुस्तीचा मार्गच नव्हता, चिपच बदलून द्याव्या लागल्या आणि इंटेलने त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. १९९५ च्या पेन्टियम प्रोपासून या पायऱ्यांवर बाहेरून ठिगळ लावायची सोय झाली. पण हे ठिगळ चिपमध्ये कायमचं बसत नाही. वीज गेली की पुसलं जातं. म्हणून दर वेळी मशीन सुरू होताना आधी बायोस आपल्याजवळचं ठिगळ देतो आणि त्याहून नवं असेल तर लिनक्स ते सुरुवातीलाच चढवतो. आमच्यासारख्या जुन्या मशीनच्या बायोसला नवी आवृत्ती कोण देणार? सगळी भिस्त लिनक्सच्या पॅकेजवर.

आमच्या सर्व्हरवरचा दोष ८ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झालेला होता. डॅनिएल मोघिमी या संशोधकाने तो शोधला आणि त्याला 'डाउनफॉल' नाव दिलं. मेमरीत विखुरलेली माहिती एकदम गोळा करणारी एक सूचना असते. ती अंदाजाने पुढे धावताना आतल्या बफरमधली दुसऱ्याची शिळी माहिती उघडी पाडते. म्हणजे एकाच प्रोसेसरवर दोघांची खाती असतील, तर एकाची किल्ली किंवा पासवर्ड दुसऱ्याला चोरता येतो. आणि आमच्याकडे तर एकाच प्रोसेसरवर साठ!

पण मी दर आठवड्याला अपडेट करत होतो की! मग शोध घेतला. डेबियनच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन फर्मवेअरविषयी नवा निर्णय केला आणि १० जून २०२३ ला आलेल्या १२ व्या आवृत्तीत अशा पॅकेजेससाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग केला. मायक्रोकोडचं पॅकेज तिकडे गेलं. माझ्या यादीत जुनाच विभाग होता. कर्नल नवा येत होता, ब्राउझर नवा येत होता, मायक्रोकोड मात्र जुलैत होता तिथेच बसून. अपडेट करताना याबद्दल एक ओळ दर वेळी यायची. एररची लाल ओळ नव्हती, म्हणून मी ती कधी वाचलीच नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. विभाग जोडा, पॅकेज घ्या, मशीन रिस्टार्ट करा. घोडं अडलं रिस्टार्टवर. दादाचं रन पाचव्या दिवसावर होतं, मध्ये बंद केलं की सगळं पाण्यात. तो म्हणाला, "मंगळवारपर्यंत थांब यार, इतके महिने काही झालं नाही, चार दिवसांत काय होते?" मी मान डोलावली. कोणाला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर दादाच्या रनपेक्षा माझ्या 'बिनधास्त'चीच मला जास्त काळजी होती.

शनिवारी घरी कन्हानला गेलो. कामठी सोडली की नदी येते, पूल ओलांडला की आमचं गाव. स्टेशनातून रामटेकचा फाटा फुटतो. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "बाबा, तसं रोखून ठेवण्यातही अर्थ असतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरवरचा मायक्रोकोड घाईने आला, मशीनं आपोआप रिस्टार्ट व्हायला लागली. २२ तारखेला इंटेलनेच वापरू नका म्हटलं, उबुंटूने जुना परत दिला."

बाबांनी शांतपणे विचारलं, "बरं. पण तेव्हा सांगितलं का लोकायले?"

"सांगितलं नं."

"मंग? रूळ आज बदलता येत नसन तर आम्ही गाडी थोडीच बंद करतो? ड्रायव्हरले कॉशन ऑर्डर देतो. अमुक किलोमीटरवर वीसनं चाल. दर फेरीले नवा कागद, कालचा चालत नाही. अन् ऐक, काहीच नसलं तरी कागद भेटते. निल कॉशन म्हणतात त्याले. कागद नाही भेटला म्हणजे रस्ता साफ आहे, असं ड्रायव्हरनं समजायचं नाही."

माझा घास हातातच राहिला. दर फेरीला नवा कागद! मायक्रोकोडचं काम याहून नेमकं मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि मी तर साठ जणांना कागदच दिला नव्हता. माझ्या गप्प बसण्यालाच ते 'रस्ता साफ' समजत होते.

रविवारी परत येऊन मेसच्या फळ्यावर खडूने लिहिलं: सर्व्हरमध्ये ऑगस्टपासून दोष उघडा आहे, चूक माझी, पासवर्ड बदला, मंगळवारपर्यंत दादाशिवाय सगळ्यांचं लॉगिन बंद. त्या रात्री काय काय ऐकलं ते इथे छापता येणार नाही! मंगळवारी काही जणांचं सबमिशन होतं, ते पेनड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये पळाले. तो ज्युनिअर काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शिव्या परवडल्या असत्या.

मंगळवारी रन संपलं. रिस्टार्ट केलं. त्या ओळीत 'मिटिगेशन: मायक्रोकोड' आलं. कोणाचं काही चोरीला गेलं का? तसं काही दिसलं नाही, पण अशी चोरी मागे खूण ठेवत नाही. दादाचं पुढचं रन काही तासांनी लांबलं. या ठिगळाने तसली गणितं मंदावतात, काही कामांत निम्म्यापर्यंत, हे खुद्द इंटेलनेच सांगितलं होतं. दादा कुरकुरला, पण वीसच्या वेगाने का होईना, गाडी पोचली.

एक गोष्ट कळली. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत बहुतेक सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच ठेवून दोष तेवढे दुरुस्त होतात. मायक्रोकोडचं तसं नाही. ती कंपनीची बंद, सही केलेली फाइल. डेबियनवाल्यांनाही आत हात घालता येत नाही, अख्खी नवी फाइलच घ्यावी लागते. म्हणजे ज्याला आपण 'स्टेबल' म्हणून हात लावत नाही, त्यातही ही एक गोष्ट सतत बदलत राहायला हवी.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती यादी बघतो आणि लॉगिनच्या पडद्यावर तारखेसकट एक ओळ लिहितो. बहुतेक वेळा ती एवढीच असते: 'मायक्रोकोड तपासला, नवीन काही नाही.' पोरं हसतात, काहीच नाही तर लिहितो कशाला?

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. सर्व्हरचा ताबा त्याच ज्युनिअरकडे दिला आहे. परवा लॉगिन केलं तर ओळ बदललेली होती. तारीख, आणि पुढे फक्त दोन शब्द: 'निल कॉशन.'